एकतीस फेब्रुवारी

आमच्या सरांसमोर 'महिन्याभराने' हा शब्द काढायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, "सर, महिन्याभराने बघू," की ते हातातलं काम थांबवून चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "म्हणजे किती तारखेला?" समोरचा हसायचा. त्याचं हसून होईपर्यंत सर शांतपणे बघत राहायचे. "समजा, आज तीस जानेवारी आहे. महिन्याभराने म्हणजे किती तारखेला?" मग समोरचा बोटं मोजायला लागायचा आणि सर समाधानाने कामाकडे वळायचे. पाण्याचे जार टाकणाऱ्यापासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांनी हे सोसलंय. एसीवाला तर पुढे पुढे दारातूनच पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख ओरडायचा.

ठाण्यात माजिवड्याला एका नळ-फिटिंगच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. लहान दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. अपॉइंटमेंट, केसपेपर, लसींची आठवण, असली कामं. सर तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर, साठीला टेकलेले, राहायला डोंबिवलीला. पाठीमागे सगळे त्यांना पंचांग म्हणायचे आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "पंचांग बरं," म्हणायचे, "त्यात अधिक महिना निदान सांगून येतो."

आता हे नुसतं वेड असतं तर मी त्यांच्यावर लिहायला बसले नसते. त्याच्या मुळाशी एक खरी भानगड होती. आम्ही ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करायचो तिच्यात तारखेत महिने मिळवायची तयार सोय आहे. एकतीस जानेवारीत एक महिना मिळव म्हटलं की ती आधी एकतीस फेब्रुवारी करते. मग तिच्या लक्षात येतं की फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपतो, म्हणून उरलेले तीन दिवस पुढे ढकलते आणि तुम्हाला तीन मार्च सांगते. चूक झाली असं कुठे म्हणत नाही. खुशाल सांगते आणि मोकळी होते. सरांना याचा इतका संताप यायचा, जणू कोणी त्यांच्या घरात चपला घालून शिरलंय. "अशी तारीख नसते!" असं म्हणून मूठ टेबलावर आपटायचे. त्यांनी स्वतःचं फंक्शन, म्हणजे तेवढ्याच कामाचा छोटा प्रोग्राम, लिहिलेलं होतं. मिळवून आलेली तारीख त्या महिन्यात नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. आमच्या ऑफिसात महिने मिळवायचे ते फक्त त्या फंक्शनने. भाषेची तयार सोय वापरणाऱ्याला चहा मिळायचा नाही. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच मिळायचा नाही. चहावाल्याला ते खुणेनेच थांबवायचे.

चहाबरोबर बिस्किटं आली की आधी पुडा सरांच्या हातात जायचा. मागच्या बाजूला काय छापलंय ते वाचायचे. "बनवल्यापासून सहा महिन्यांच्या आत खावं. बनवलं एकतीस ऑगस्टला. आता हे कधीपर्यंत खायचं?" आम्ही म्हणायचो, "सर, आत्ताच खायचं, सोडा ना तो पुडा." एकतीस तारखेचे पुडे ते कपाटात राखून ठेवायचे. त्या कपाटाला मुंग्या लागलेल्या ते मीच साफ केलंय.

मी कल्याणजवळच्या मोहन्याची. पप्पा तिथल्या कारखान्यात होते, तो बंद झाल्यापासून घरीच. कॉम्प्युटर मी पहिल्यांदा शिकले तो विहाराच्या हॉलमध्ये चालणाऱ्या क्लासमध्ये. पुढे डिग्री झाली, पण इंटरव्ह्यूला गेले की इंग्रजीत त-त-प-प व्हायचं. सरांनी इंटरव्ह्यूत मला इंग्रजीत काहीच विचारलं नाही. खरं म्हणजे एकच प्रश्न विचारला, एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर? मी म्हटलं, "कशासाठी मिळवायचाय त्यावर आहे, सर." घाबरून बोललेले, खरं सांगते. उत्तर येत नव्हतं. पण सर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "हिला घ्या."

लेटरवर एक सप्टेंबरला रुजू व्हा असं होतं. आदल्या दिवशी सकाळी सरांचा फोन, "आजच ये." मी धावतपळत पोचले तर कळलं, की सर प्रत्येक नवीन माणसाला शक्यतो एकतीस तारखेलाच घ्यायला लावतात. म्हणजे ऑफिसच्या हजेरीच्या सिस्टीमला कायम अवघड तारखा मिळत राहतात. "तू माझी जिवंत टेस्ट आहेस," म्हणाले. त्यांनी मला माझीच तारीख सिस्टीममध्ये टाकायला लावली. एकतीस ऑगस्ट, प्रोबेशन सहा महिने. उत्तर आलं अठ्ठावीस फेब्रुवारी. "बघ," म्हणाले. स्वतःच्या नातवाने शाळेत कविता म्हटल्यासारखा चेहरा झालेला त्यांचा.

त्या सहा महिन्यांवर माझं सगळं अडकलेलं होतं. घरी बोलणंच तसं झालेलं. पक्की झालीस तर कर नोकरी, नाही झालीस तर शहाडला मामाच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर बस. मामा माणूस वाईट नाही. पण मी त्या काउंटरवर एकदा दिवाळीच्या सुट्टीत बसलेले. बाथरूमच्या टाइलचा रंग फिका आहे की जास्त फिका, यावर दोन बहिणींचं भांडण दुपारभर ऐकलेलं. मला प्रोग्रामच लिहायचे होते. दुसरं काही नको होतं.

कल्याणहून ठाण्याच्या खोपट स्टँडला येणाऱ्या एसटीत सर आणि मी बरोबर असायचो. बसायला जागा मिळावी म्हणून सर डोंबिवलीहून उलटे कल्याणला यायचे. ते खिडकीशी, मी शेजारी. एकदा त्यांनी मला मुठीवर महिने मोजायला लावले. हाडाचा उंचवटा म्हणजे एकतीसचा महिना, मधला खळगा म्हणजे कमी दिवसांचा. मी म्हटलं, "सर, हे आम्हाला चौथीत शिकवलंय." तर म्हणाले, "चौथीत शिकवलेलं प्रोग्रामर लोक सगळ्यात आधी विसरतात. दिवस मिळवता येतात गं. महिने मिळवता येत नाहीत. ते ठरवावे लागतात." शेजारच्या बाकावरच्या मावशी आमच्या दोघांच्या वळलेल्या मुठी बघून सरकून बसल्या.

माझ्याकडे काम आलं ते कल्याणच्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांचं. बाळाची जन्मतारीख टाकली की सहाव्या, नवव्या, बाराव्या महिन्याच्या लसीची तारीख निघाली पाहिजे आणि आईबापाला मेसेज गेला पाहिजे. मी मन लावून केलं. दवाखान्याच्या कार्डावर एका डोसच्या खाली पुढचा डोस असतो, म्हणून मीही तसंच केलं. जन्मापासून सहा महिने, त्या तारखेपासून पुढे तीन, त्या तारखेपासून पुढे तीन. सगळीकडे सरांचंच फंक्शन वापरलं. मला वाटलं, आता चूक कुठून होणार!

फेब्रुवारीत डॉक्टर डेमोला आले. आमचे शेठही येऊन बसले. शेठ मूळचे तिथलेच, माजिवड्याचे. आजोबा-पणजोबांची शेती होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. बोलणं अजून घरचंच होतं. डॉक्टरांनी मोठ्या हौसेने स्वतःच्या नातीची जन्मतारीख टाकली, एकतीस मे. सहाव्या महिन्याचा डोस तीस नोव्हेंबर. बरोबर, नोव्हेंबरला एकतीस नसतोच. नववा महिना, अठ्ठावीस फेब्रुवारी. आणि बारावा महिना, म्हणजे नातीचा पहिला वाढदिवस, अठ्ठावीस मे!

डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "म्हणजे केक तीन दिवस आधीच कापायचा का?"

शेठ हसले नाहीत. डॉक्टर जाताना म्हणाले, की ते गावी चाललेत, दोन मार्चला परत येतील, तोवर नीट झालं तर बघू, नाहीतर ठाण्यातच दुसरे लोक आहेत. प्रत्येक पायरीचं गणित बरोबर होतं आणि शेवटचं उत्तर चुकलेलं. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "विचार कर, तारीख कुठे घसरली." बस्स. उत्तर देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी जंग जंग पछाडलं. फेब्रुवारीसाठी वेगळी अट घातली, मग तीसच्या महिन्यांसाठी आणखी एक. एक भोक बुजवलं की दुसरं पडायचं.

आणि अठ्ठावीस फेब्रुवारी उजाडली. त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही. सगळे जेवत होते आणि ते आपल्या मशीनसमोर पाठ वाकवून बसलेले. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत.

चारच्या सुमाराला शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं काय आहे ते.

"मना वाईट वाटतंय, पोरी," शेठ म्हणाले. "पन हिचे सहा महिने आज संपतान, सर. आज काय नाय बोललो तर ही आपोआप पक्की. आन डॉक्टर गेला हातातशी तर मी काय करू? आजच मोकला करतो."

मला मामाचं काउंटर दिसायला लागलं. फिका आणि जास्त फिका.

"शेठ," सर म्हणाले, "सहा महिने म्हणजे किती तारखेला?"

"आता आजच ना. अठ्ठावीस."

"सिस्टीम बघा."

शेठनी चष्मा लावून हजेरीची सिस्टीम उघडली. माझं नाव काढलं. रुजू, एकतीस ऑगस्ट. प्रोबेशन समाप्त, तीन मार्च.

मी तोंड उघडलं. याच स्क्रीनवर, याच तारखेला, पहिल्या दिवशी अठ्ठावीस फेब्रुवारी आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलेलं. सरांनीच दाखवलेलं. मी सरांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. कान लालभडक, आणि नेहमी टेबलावर आपटायची ती मूठ पँटच्या खिशात.

"सिस्टीम तुमचीच ना, सर?" शेठनी विचारलं.

"माझीच."

"मंग झाला. तुमच्या तारखेवर मी कवा बोललो का? तुमी म्हनाल ती पूर्वदिशा." शेठनी चष्मा काढला. "डॉक्टर दोनला येतो. बघू मंग."

केबिनबाहेर आल्यावर मी कुजबुजले, "सर, ते तीन मार्च..."

"आज माझ्याकडे जेवायला ये. काकूंनी बोलावलंय," सर म्हणाले आणि भराभर पुढे गेले. काकूंनी काही बोलावलं नव्हतं. मी दारात उभी राहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरूनच ते कळलं. पण त्या माउलीने एका शब्दाने न विचारता कणीक वाढवून भिजवली. सर मात्र पानावर नुसतेच बसले. दोन घास खाल्ले आणि पित्त झालंय म्हणाले. काकू म्हणाल्या, "डबाही तसाच आणलाय तुम्ही. दोन्ही वेळ उपाशी?"

काकूंना वाटलं असावं, पोरीसमोर अवघडल्यासारखं होतंय. म्हणून त्यांनी मला नवऱ्याच्या गमती सांगायला घेतल्या. "अगं, आमचं लग्न तीस तारखेचं. तेव्हा यांनी कबूल केलेलं, दर महिन्याला लग्नाच्या तारखेला गजरा आणीन. फेब्रुवारी आला. म्हटलं, या महिन्यात तीस नाही, बुडाला गजरा. तर अठ्ठावीसला घेऊन हजर! शेवटचा दिवस म्हणे. मला वाटलं, चला, आता अठ्ठावीसचाच नेम लागला. मार्चमध्ये अठ्ठावीसला मी वेणी घालून बसलेली, आणि हे हात हलवत आले. मी बोलेचना. तर तीसला गजरा घेऊन आले आणि मलाच ऐकवतात, लग्न तीसला झालंय, फेब्रुवारीत जे केलं ते फेब्रुवारीपुरतं. मोजायचं ते लग्नापासून."

माझा घास हातातच राहिला. मोजायचं ते लग्नापासून! मागच्या गजऱ्यापासून नाही. मी प्रत्येक डोस मागच्या डोसपासून मोजत होते. नोव्हेंबरने एक दिवस खाल्ला, तो परत मिळाला नाही. फेब्रुवारीने दोन खाल्ले, तेही गेले. बाळाच्या जन्मतारखेपासून सहा, जन्मतारखेपासून नऊ, जन्मतारखेपासून बारा. एवढंच तर करायचं होतं.

मी सरांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत म्हणाले, "आमटी घे." पण तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या पानात पोळी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी घातलेल्या सगळ्या अटी काढून टाकल्या आणि ते काम नीट लिहिलं. दोन मार्चला डॉक्टर आले, नातीची तारीख टाकली, बाराव्या महिन्याला एकतीस मे आलं. "आता केक वेळेवर," म्हणाले, आणि खिशातून आणखी चार बाळांच्या तारखा काढून टाकून बघितल्या. सगळ्या बरोबर. शेठनी त्याच संध्याकाळी मला पक्कं केलं. वर "आता पेढं आन," असंही म्हणाले. पप्पांना फोन केला तर ते नुसते 'हो हो' करत राहिले. मग आईने फोन घेतला आणि सांगितलं की ते डोळे पुसतायत.

सोमवारी मी गुपचूप हजेरीच्या सिस्टीममध्ये एकतीस ऑगस्ट टाकून सहा महिने मिळवले. अठ्ठावीस फेब्रुवारी. जसं पहिल्या दिवशी होतं तसंच.

"काय टेस्ट करतेस?" पलीकडून सरांचा आवाज आला.

"काही नाही, सर."

"मग काम कर."

मी पुष्कळ विचार केलाय त्या दुपारचा. काय केलं असेल त्यांनी? स्वतःचं फंक्शन बाजूला काढलं आणि भाषेला तिच्या मनासारखं करू दिलं. काम पाच मिनिटांचं. पण ज्या माणसाने बिस्किटाच्या पुड्यालाही चुकीची तारीख लागू दिली नाही, त्याने ते केलं, आणि शेठनी विचारल्यावर "माझीच" म्हणाला. इतक्या वर्षांत त्यांच्या तारखेवर कोणी शंका घेतली नव्हती. ती सगळी पुण्याई त्यांनी माझ्यासारख्या कालच्या पोरीसाठी पणाला लावली. शेठना फसवलं ते बरोबर केलं का, असं मला कोणी विचारलं तर? माझ्याकडे फक्त नोकरी आहे, जिच्यावर मी आज उभी आहे.

सर त्यानंतर दोनेक वर्षांनी रिटायर झाले. मी दर वर्षी तीन मार्चला त्यांना फोन करायचे. नमस्कार नाही, काही नाही. "सर, आज एकतीस फेब्रुवारी."

"अशी तारीख नसते," असं म्हणून ते फोन ठेवून द्यायचे.

एका वर्षी मात्र "नसते" म्हणून ठेवला नाही. उलट कडाडले, "आज कसला फोन करतेस? लीप वर्ष आहे. एकतीस फेब्रुवारी काल होती!" मग स्वतः काय बोलून गेलो ते लक्षात आलं असावं. खाडकन फोन ठेवला. मी ऑफिसच्या जिन्यात बसून एकटी हसत होते, आणि हसता हसता रडूही येत होतं.

यंदा फोन काकूंनी उचलला. "त्यांना आता फोनवर ऐकू येत नाही गं. तूच ये ना." मी हाफ-डे टाकून डोंबिवलीला गेले. सर खिडकीशी बसलेले, मांडीवर शाल. बारीक झालेत फार. मला ओळखलं, पण नाव घ्यायला वेळ लागला. काकू चहा टाकायला आत गेल्या.

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हटलं, "सर, आज एकतीस फेब्रुवारी!"

"अशी तारीख नसते," ते लगेच म्हणाले. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला.

मीही हसले. त्यांची शाल सरळ करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला, मूठ वळायला लावली आणि हाडाच्या पहिल्या उंचवट्यावर बोट ठेवलं. जानेवारी. मग शेजारच्या खळग्यात. बोट तिथेच थांबलं.

"नसतेच गं," म्हणाले. "पण तुला लागत होती ना."